नकारांची शिकवणी

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतून ज्या प्रकरणाला अर्ध्या पानाहून अधिक जागा सहसा मिळत नाही, आणि ज्याची बोळवण 'पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा' एवढ्या एका प्रश्नात वर्षानुवर्षे बिनदिक्कत केली जाते, त्या नकारदर्शक उपसर्गांच्या प्रकरणाने माझ्या निवृत्तीनंतरच्या अध्यापनाचा एवढा मोठा भाग व्यापावा, हे मला अनपेक्षित होते. मराठी माध्यमाच्या शाळेतील नोकरीची मुदत संपल्यावर मी पुण्याच्या बिबवेवाडीत राहावयास आलो आणि शेजारच्या सोसायटीच्या सभागृहात, संध्याकाळच्या वेळी, प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवू लागलो. उत्तरेस गुलटेकडीचे मार्केट यार्ड, चढावर 'अप्पर' आणि 'सुपर' या निव्वळ इंग्रजी विशेषणांनी ओळखल्या जाणाऱ्या इंदिरानगरच्या वस्त्या, मध्ये कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आणि विश्वकर्मा इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, अशा या परिसरातून माझ्याकडे येणारी मंडळीही तितकीच नाना परींची होती : यार्डातील गाळ्यावर खतावणी लिहिणारा एक दिवाणजी, मालाची गाडी हाकणारा एक चालक, कपडे शिवून संसार चालवणारी एक बाई, कारखान्यातून परस्पर येणारे दोघेतिघे कामगार आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गुंतलेली काही तरुण मुले.

शाळेत मी जे शिकवीत आलो होतो, ते येथे पहिल्या काही आठवड्यांतच अपुरे पडू लागले. 'हॅपी'च्या मागे 'अन' लावले की सुखाचे दुःख होते, एवढ्यावर शाळकरी पोर समाधान मानते. कारण त्याने तो शब्द प्रथम पुस्तकातच पाहिलेला असतो. माझ्या या विद्यार्थ्यांनी मात्र नकारार्थी इंग्रजी शब्द आधी व्यवहारात वापरलेले होते, त्यांच्यापायी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेले होते, आणि त्या शब्दांतील नकार त्यांच्या अनुभवास 'विरुद्धार्थ' म्हणून क्वचितच आलेला होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'एनए' हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या भाषेत ज्याला अकृषिक वापर म्हणतात आणि जुन्या तलाठी दप्तरात ज्याला बिनशेती म्हणत, ते इंग्रजीतील 'नॉन-ॲग्रिकल्चरल' बिबवेवाडी-कोंढव्याकडच्या जमिनीच्या व्यवहारात केवळ दोन अक्षरांवर येऊन ठेपले आहे. मी एकदा वर्गात विचारले की, 'एनए प्लॉट' म्हणजे काय. तेव्हा दिवाणजींनी क्षणाचाही विलंब न लावता, 'म्हणजे क्लिअर, सर, काही लफडं नाही,' असे उत्तर दिले. शेतीचा निषेध करणारा 'नॉन' तिथे आता ऐकू येत नाही; त्याच्या जागी आश्वासन ऐकू येते. तीच गत 'अनफिट'ची. विमा रुग्णालयातून 'अनफिट' मिळणे ही कामगारांच्या बोलीत विपत्तीची वार्ता नसते. आजारपणाच्या त्या दाखल्यावर, विमा योजनेखाली, सरासरी रोजच्या वेतनाचे सत्तर टक्के, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची सोय असते, आणि म्हणून 'चार दिवस अनफिट घेतलंय' असे म्हणणाऱ्याच्या स्वरात अशक्तपणापेक्षा हक्काची जाणीव अधिक असते. परीक्षार्थी मुलांकडे तर याहून मोठा मासला होता. 'नॉन-क्रीमी लेयर'चे प्रमाणपत्र काढण्यासाठी ती मुले ज्या तत्परतेने सेतू केंद्राकडे धाव घेत, ती पाहून परक्या माणसाला वाटावे की हे एखादे मानपत्रच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२च्या इंद्रा साहनी निकालाने जो वर्ग आरक्षणातून वगळला, त्या वर्गात आपण मोडत नाही, असे सरकारने लिहून देणे म्हणजे हे प्रमाणपत्र. २०१७पासून त्यासाठी वार्षिक आठ लाखांची मर्यादा आहे. मराठी नमुन्यात त्याचे नाव 'उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे' असे लांबलचक आहे, परंतु मुले त्याला नुसते 'नॉन-क्रीमी' म्हणतात, आणि 'माझं नॉन-क्रीमी आलं' असे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो.

नकाराने मनुष्यास काही मिळवून द्यावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. माझ्या बालपणी शाळेत 'नादारी' असे. नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. पण 'याला नादारी मिळाली' याचा अर्थ याची फी माफ झाली. २०१६च्या 'इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड'चे मराठी नाव 'नादारी व दिवाळखोरी संहिता' असे झाले, तेव्हा फारसीतला तो 'ना' पुन्हा इंग्रजीतल्या 'इन'च्या शेजारी येऊन बसला, याचे मला फार कौतुक वाटले.

हे ध्यानात आल्यावर मी पाठाची दिशाच बदलली. इंग्रजी उपसर्ग इंग्रजीतून शिकवण्याऐवजी आधी मराठीतल्या नकारांची मोजदाद करू लागलो, आणि ती मोजदाद माझ्या अपेक्षेबाहेर रंगली. गैरहजर, नामंजूर, बेवारस, बदनाम, लाचार, हे शब्द फारसी-अरबीतून दरबारी व्यवहाराबरोबर आले आणि घरचेच झाले. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली आपला फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा त्यात अशा शब्दांना मोठी जागा द्यावी लागली. त्यांतला 'बेचिराख' हा मला सदैव स्तिमित करणारा शब्द. जिथे चिराग, म्हणजे दिवा, लागत नाही ते बेचिराख. महसुली दप्तरात ओसाड पडलेल्या गावाला ही संज्ञा होती. आज आपण तो शब्द राखेशी जोडतो आणि 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झाले' असे लिहितो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा भ्रम खरा, पण भाषेने तो स्वीकारला आहे, आणि मी तो सुधारण्याच्या भरीस पडत नाही.

याहून गंमत संकरात आहे. 'गैरसमज' आणि 'गैरसोय' यांत उपसर्ग अरबी आणि शब्द आपले. 'बेजोड'मध्ये उपसर्ग फारसी आणि जोड देशी. 'बिनपगारी'मध्ये विनापासून निघालेला 'बिन' पोर्तुगिजांच्या पगाराला चिकटला, आणि त्यावर 'बिनपगारी, फुल अधिकारी' ही म्हण रचून लोकांनी इंग्रजीलाही त्या पंक्तीला बसवले. 'नापास' या शब्दाने तर कमालच केली. इंग्रजाला 'पास'चा नकार करायचा असता तर त्याने दुसराच शब्द घेतला असता, आणि घेतलाही. आपण मात्र त्याच्याच शब्दाला आपला 'ना' लावून मोकळे झालो. या शब्दाची थोरवी सांगताना वर्गातील परीक्षार्थी मुले जरा अस्वस्थ होत, हे मला दिसत असे.

इंग्रजीही अशीच संकरज. तिचा स्वतःचा 'अन'. लॅटिनमधून आलेले 'इन', 'नॉन' आणि 'डिस'. ग्रीकांचा 'अ' किंवा 'अन्'. आणि जर्मानिक घराण्यातला 'मिस'. त्यामुळेच तिच्यात मनुष्य 'अनजस्ट' असतो पण त्याने केलेला अन्याय 'इनजस्टिस' असतो; वस्तू 'अनस्टेबल' असते पण तिची अस्थिरता 'इन्स्टॅबिलिटी' होते; जो 'अनेबल' त्याची 'इनॅबिलिटी'. विशेषण घरचे पागोटे घालून येते आणि नाम रोमन झगा. याला नियम कोणता, असे विचारणाऱ्यास मी सांगतो की, जो नियम 'नादुरुस्त'ला 'अदुरुस्त' होऊ देत नाही, तोच, म्हणजे वापर. मात्र 'इन'चे 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल', 'इर्रेग्युलर' का होते, याला नियम आहे आणि तो मराठी माणसाला समजावणे अतिशय सोपे आहे, कारण पुढच्या वर्णाशी जुळवून घेणारे हे उपसर्ग आमच्या संधीचेच सहोदर आहेत. निर् आणि रस यांचे 'नीरस' होते हे ज्याला ठाऊक, त्याला 'इर्रेग्युलर' परके का वाटावे? शिवाय संस्कृतात व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' येतो, अयोग्य पण अनुचित, अज्ञान पण अनादी. ग्रीकांकडेही नेमके तेच घडते, आणि म्हणून वैद्यकात 'अनीमिया' होतो. हा ग्रीक 'अन्', लॅटिन 'इन', इंग्रजी 'अन' आणि आपला 'अ' ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय नकाराची लेकरे होत, हे भाषाशास्त्राने निर्विवाद ठरवले आहे. हे ऐकल्यावर चालकाने, जो सहसा बोलत नसे, 'म्हणजे नाही म्हणायला सगळे एकाच घरात शिकले,' असा शेरा मारला.

त्याच चालकामुळे 'इनफ्लेमेबल'चाही विषय निघाला. टँकरच्या पाठीवर रंगवलेला हा शब्द 'इन'मुळे अग्निरोधक वाटावा असा आहे, आणि अर्थ नेमका उलटा. तो 'इन' निषेधाचा नसून 'इनफ्लेम', म्हणजे पेटवणे, या क्रियापदाचा अंश आहे. खुद्द इंग्रजी बोलणारेही यात फसू लागल्याने सुरक्षेसाठी आता 'फ्लेमेबल' लिहिण्याचा प्रघात पडला आहे. आपला 'ज्वालाग्राही' अशा घोटाळ्यापासून मुक्त आहे. सगळेच 'इन' नकाराचे नसतात, जसा 'निवास'मधला 'नि' नकाराचा नाही, आणि जशी बेगम ही गमावाचून राहणारी बाई नव्हे.

परंतु खरा पेच उपसर्ग ओळखण्यात नसून त्याचा अर्थ ठरवण्यात आहे, आणि तिथे मला आमच्या वैयाकरणांनी हात दिला. पाणिनीय परंपरेत नकारवाचक 'नञ्'चे सहा अर्थ सांगितलेले आहेत : सादृश्य, अभाव, तदन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. यांपैकी सादृश्याचा अर्थ मी वर्गात सोडून देतो. त्याची पारंपरिक उदाहरणे आजच्या सभेत मांडण्याजोगी नाहीत. अल्पतेचे उदाहरण 'अनुदरा कन्या', म्हणजे उदर नसलेली नव्हे, बारीक कमरेची. यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी, 'असली गिऱ्हाइकं आमच्याकडे येत नाहीत हो,' असे म्हटल्यामुळे तो अर्थ साऱ्यांच्या कायमचा लक्षात राहिला. अप्राशस्त्याला 'अवेळ' उत्तम : अवेळी आलेल्या पाहुण्याच्या प्रसंगी वेळ हजर असते, पण ती योग्य नसते. 'अनश्व' म्हणजे घोड्यावाचून दुसरे काहीही, हे तदन्यत्व. 'अधर्म' हा धर्माचा नुसता अभाव नसून त्याचा वैरी, हा विरोध.

हे सहा कप्पे हाती आल्यावर इंग्रजी शब्दांची वाटणी करणे हा एक खेळच झाला. 'नॉन' बहुशः तदन्यत्वाचा. तो कुणाला नावे ठेवीत नाही, नुसता पलीकडे उभा करतो. म्हणून 'नॉन-टीचिंग स्टाफ'चे मराठी 'शिक्षकेतर कर्मचारी' हे अचूक आहे, आणि 'अशिक्षक' केले असते तर संप झाला असता. 'इनह्यूमन' म्हणजे अमानुष आणि 'नॉन-ह्यूमन' म्हणजे मानवेतर. जंगलातला वाघ दुसऱ्या प्रकारचा आहे, पहिल्या प्रकारचा होण्यास मनुष्यच लागतो. 'इम्मॉरल' आणि 'एमॉरल' यांतही तोच भेद. एक नीतीचा शत्रू, दुसरा नीतीचा विचारच न करणारा. 'मिस' जवळजवळ सर्वत्र अप्राशस्त्याचा : 'मिसयूज'मध्ये वापर होतो, पण वाईट.

आणि मग 'डिस' आला. अभाव आणि विरोध यांतला भेद ही काही पंडितांची करमणूक नव्हे. या भेदावर आमच्याच शहरातला एक मनुष्य तुरुंगात गेला, हे मी वर्गाला तेव्हा सविस्तर सांगितले. भारतीय दंडसंहितेत १८७० साली घातलेल्या १२४-अ या कलमाचा सारा भार 'डिसअफेक्शन' या एका शब्दावर होता. १८९१ साली कलकत्त्यास बंगबासी पत्राच्या खटल्यात सरन्यायाधीश पेथेरम यांनी त्याचा अर्थ प्रीतीच्या विरुद्ध असणारी भावना, म्हणजे द्वेष किंवा तिटकारा, असा लावला होता. पुढे १८९७च्या जूनमध्ये केसरीत शिवाजी उत्सवाच्या संदर्भात छापलेल्या मजकुराबद्दल टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी पंचांना समजावून सांगताना त्या शब्दाचा अर्थ निव्वळ प्रीतीचा अभाव, असा केला, आणि मग त्या अभावाच्या पोटात द्वेष, वैर, तिरस्कार असे दुर्भावाचे सगळे प्रकार घातले. आमच्या भाषेत बोलायचे तर पेथेरम यांनी 'डिस'ला विरोधाच्या कप्प्यात ठेवले होते, स्ट्रॅचींनी तो उचलून अभावाच्या कप्प्यात टाकला. आणि परकीय सरकारवर प्रीती नसणे हाच गुन्हा ठरला, तर त्या दिवशी हिंदुस्थानात निरपराध किती उरले असते, हा प्रश्न कुणाही सुबुद्ध माणसास पडावा. नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी दोषी आणि तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोष असे मत दिले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागितली गेली, तीही नामंजूर झाली.

त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक 'डिस' होता : 'डिसॲप्रोबेशन'. सरकारच्या कृत्यांविषयी नापसंती दाखवणे हा गुन्हा नव्हे, असे कायदाच सांगत होता. म्हणजे एकाच कलमात दोन 'डिस'. एकाबद्दल बेडी, दुसऱ्यास मुभा, आणि दोहोंच्या मधली रेषा न्यायमूर्तीच्या व्याकरणावर अवलंबून. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कलमात दुरुस्ती होऊन 'डिसअफेक्शन'मध्ये राजनिष्ठेचा अभाव आणि वैराच्या सर्व भावना यांचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण जोडले गेले. मराठी कायद्याच्या भाषेत 'अप्रीती' हा शब्द रूढ झाला. शब्द सुंदर आहे, पण त्याच्या 'अ'मध्येही अभाव की विरोध हा घोळ जसाच्या तसा शिल्लक राहिला, आणि मला वाटते, भाषांतरकाराने तो जाणूनबुजून राखला असावा. या साऱ्यावर एक उपकथा म्हणून मी इंग्रज पत्रकार चिरोलचे नाव घेतो. १९१०च्या त्याच्या पुस्तकाच्या शीर्षकातच 'अनरेस्ट' होते, आणि टिळकांना त्या 'अनरेस्ट'चे जनक म्हणण्यात त्याचा हेतू निंदेचा होता. त्याविरुद्ध टिळकांनी लंडनला लढवलेला दावा १९१९ साली त्यांच्याविरुद्ध गेला. परंतु मराठीने त्या 'अन'चे भाषांतर अशांतता असे न करता असंतोष असे केले, आणि 'असंतोषाचे जनक' ही पदवी पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर कोरली गेली. कोर्टात हरलेला दावा भाषांतरात जिंकल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सांगून झाल्यावर मी समाधानाने खडू खाली ठेवला, तोच परीक्षार्थी मुलींपैकी एकीने, जिच्या वहीत मी सांगितलेले सहा अर्थ सहा रंगांत लिहिलेले असत, हरकत घेतली. 'सर, गेल्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत की न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा. तिथे डिस म्हणजे स्वार्थाचा अभाव. विरोध नाही. मग स्ट्रॅचीनं डिसचा अर्थ अभाव केला, तर तो भाषेबाहेर कुठे गेला?' हरकत रास्त होती, आणि ती फेटाळण्याची सोय माझ्यापाशी नव्हती. उपसर्गाला तो अर्थ खरोखरच आहे. या विशिष्ट शब्दाला तो वहिवाटीने नाही, आणि दिवाणी दाव्याप्रमाणे शब्दार्थातही वहिवाट हा पुरावा असतो, एवढेच मी म्हणू शकलो. तिने ते मान्य केले नाही. कायद्यात वहिवाट सिद्ध करावी लागते, सर, ती म्हणाली. स्ट्रॅचीपुढे ती कुणी सिद्ध केली होती का? पेथेरमचा निकाल त्याच्यापुढे होता, असे मी सांगितले. कलकत्त्याचा निकाल मुंबईस बंधनकारक नसतो, असे तिने तत्काळ उत्तर दिले. ती परीक्षा कुठली देत होती, हे मी तेव्हा प्रथमच नीट विचारले.

त्यानंतरच्या वर्गात आम्ही फक्त 'डिस'चे शब्द घेऊन बसलो. अभावाचा एक रकाना, विरोधाचा दुसरा, अशी आखणी होती. पण 'डिसकनेक्ट', 'डिसमँटल', 'डिसकव्हर' दोहोंतही बसेनात. तिथे काही नसतेही नव्हते आणि कुणी विरोधातही नव्हते. आधी केलेली क्रिया उलटी फिरवली जात होती, जशी ती 'अनटाय'मध्ये आणि २०२०च्या टाळेबंदीनंतर सर्वतोमुखी झालेल्या 'अनलॉक'मध्ये फिरते. नञ्च्या सहा अर्थांत या उलटण्याला स्थान नाही, कारण नञ् हा नामा-विशेषणांशी समास पावणारा. केलेले काम मोडणे हा त्याचा धंदा नव्हे. मग मराठीत हे काम कोण करते, असा प्रश्न मी टाकला. शिवणकामाच्या बाईंनी हातातली वही न उचलताच सांगितले : 'उसवणं. शिवलेलं उसवायचं, झाकलेलं उघडायचं, गुंतलेलं उकलायचं.' तिन्ही क्रियापदे 'उ'ने सुरू होणारी, आणि तिन्हींवर संस्कृतातल्या 'उद्'ची छाया. मी फळ्यावर तिसरा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर 'उसवणे' असे लिहिले. 'डिसमिस' कुठे घालावा, यावर मात्र एकमत झाले नाही. दिवाणजींचे म्हणणे होते की तो तिसऱ्यात जाईल, कारण लावलेली नोकरी उसवली जाते. कामगारांपैकी एकाने, ज्याला या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव होता, तो दुसऱ्यातच घालावा असा आग्रह धरला. लॅटिनच्या हिशेबाने तिथला 'डिस' दूर धाडण्याचा आहे, असे मी सांगून पाहिले, पण तोवर चर्चा कामगार न्यायालयाकडे वळलेली होती.